गॅस संपला म्हणणाऱ्याला आधी विचारा, भोक कुठे आहे?

प्रश्न : आमचं घर गोव्यात मांद्र्याला, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर. सासूबाईंच्या खोलीत २०१७ साली घेतलेला दीड टनाचा स्प्लिट एसी आहे. खोली दहा बाय बारा, चिऱ्याच्या (जांभ्याच्या) भिंती, वर कौलं आणि त्याखाली पीव्हीसीचं छत. गेली तीन वर्षं दर एप्रिलात गॅस संपतो. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, अडीच-तीन हजार घेऊन जातो. यंदा पावसाळ्यात नवीनच सुरू झालं. खोली गार होते पण अंथरूण दमट लागतं, कपाटामागे बुरशी आली, एसी लावला की कुबट वास येतो आणि आतल्या युनिटातून पाणी गळतं. चवथीला, म्हणजे गणपतीत, पाहुणे आले तेव्हा एसीखाली बालदी ठेवायची वेळ आली. मिस्टर म्हणतात कॉइल बदलून घेऊ. मुलगा पुण्याहून सांगतो, फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी घ्या. म्हापशाचा दुकानदार म्हणतो, कौलारू खोली आहे, दोन टन लागेल. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे एसी बंद ठेवणं जमत नाही. काय करावं? जुना एसी भंगारवाला मागतोय, त्याला द्यावा का? सोबत फोटो पाठवते आहे.
— एक शिक्षिका, मांद्रे

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी त्या तीन एप्रिलांबद्दल. एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच तो गॅस फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्यात, उकळताना खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होताना ती बाहेर टाकतो. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिजही असाच चालतो. त्यात दर वर्षी गॅस भरायला कोणी येतं का? मग एसीचाच का संपावा? कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर गेला. जिथून गेला ती जागा न शोधता वरून भरला, की पुढच्या एप्रिलात पहिले पाढे पंचावन्न. तीन वर्षांत तुम्ही साडेसात ते नऊ हजार रुपये मांद्र्याच्या हवेत सोडलेत.

मेकॅनिकला मी सगळा दोष देणार नाही. गळती शोधायला अर्धा दिवस जातो, गॅस भरायला अर्धा तास. एप्रिलात त्याचा फोन थांबत नाही, आणि गिऱ्हाइकालाही आजच्या आज गार हवा पाहिजे असते. पण काम नीट होतंय की नाही, हे तुम्हाला समोर उभं राहून ओळखता यायला हवं, म्हणून सांगतो. उरलासुरला गॅस काढून घ्यायचा, नळीत कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा, गेजवरचा आकडा लिहून ठेवायचा आणि काही तास, जमलं तर रात्रभर, तसंच सोडायचं. काटा खाली आला की गळती नक्की. मग साबणाचा फेस घेऊन एकेक सांधा तपासायचा. जिथे बुडबुडा फुगतो तिथे भोक. ते बुजवल्यावर परत एकदा नायट्रोजन. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढायची, आणि शेवटी गॅस वजनकाट्यावर तोलून भरायचा. किती भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. नळीला नुसता हात लावून ‘झाला बरोबर’ म्हणणाऱ्याला ‘काटा आणलाय का?’ एवढंच विचारा. आणि कोणी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधलं (गॅस दाबणाऱ्या पंपातलं) तेल एकत्र आलं तर स्फोट होऊ शकतो.

गळतीची सगळ्यात नेहमीची जागा तुम्ही स्वतःही पाहू शकता. बाहेरच्या युनिटच्या एका कुशीला दोन तांब्याच्या नळ्या पितळी नटांनी जोडलेल्या असतात. एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा मुख्य स्विच, बंद करून तिथे टॉर्च मारा. नटाभोवती तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर गॅस तिथूनच जातोय, कारण गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर पडतं. नटाचीच गळती असेल तर नळीचं टोक कापून नवं फ्लेअर मारलं, म्हणजे टोक कर्ण्यासारखं फुलवलं, की काम होतं, आणि एसी आणखी काही वर्षं चालतो. तुमच्या बाबतीत हेच निघालं असतं तर मला आनंद झाला असता.

पण तुमचा दुसरा फोटो पाहिला. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीला, थेट समुद्राकडे तोंड करून. निळी ताडपत्री सुंभाने बांधलेली. ती बाजूला सारून तुम्ही मागच्या जाळीचा जवळून फोटो काढलात हे फार बरं केलंत. खालच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या पात्या, म्हणजे फिन, उरलेल्याच नाहीत. नुसत्या तांब्याच्या नळ्या उघड्या पडल्यात. त्याच्या वर वीतभर पांढरी भुकटी. तिथे हलकंसं बोट फिरवून बघा, पापडासारखा चुरा होईल.

हे खाऱ्या वाऱ्याचं काम. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे बारीक थेंब असतात, ते फिनवर बसतात, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. तांब्याची नळी, तिला घट्ट बसवलेली ॲल्युमिनियमची फिन आणि मध्ये खारं पाणी, असं झालं की दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. फिन गेल्या की उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. कॉम्प्रेसर जास्त दाबावर, जास्त तापून, जास्त वेळ चालतो. वीज खात्याच्या बिलात ते दिसत असणारच, तुम्ही लिहिलं नाहीत एवढंच.

त्या ताडपत्रीबद्दल दोन शब्द. पावसाळ्यात बाहेरचं युनिट झाकायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे, आणि ती उलटी आहे. हे यंत्र पावसात उभं राहण्यासाठीच बनवलेलं असतं. जून ते सप्टेंबर पाऊस त्याच्यावरचं मीठ फुकटात धुऊन देतो. मीठ साचतं ते ऑक्टोबर ते मे, जेव्हा पाऊस क्वचितच पडतो आणि दुपार झाली की समुद्रावरून वारा सुटतो. आपण मात्र नेमके धुण्याच्या दिवसांत त्याला गुंडाळतो. आत ओल कोंडते, उंदीर बिऱ्हाड करतात, आणि चुकून कोणी रिमोट दाबला तर कॉम्प्रेसर श्वास कोंडल्यासारखा तापतो. माडाचं फळ किंवा झावळी पडायची भीती असेल तर वर पत्र्याची छोटी छपरी करा, पण चारी बाजू मोकळ्या ठेवा.

आता पाणी आणि बुरशी. मला वाटतं तुमच्या घरातला खरा प्रश्न हा आहे. दम्याच्या माणसाच्या खोलीत तर नक्कीच.

गळणाऱ्या पाण्याची दोन कारणं असतात आणि ती ओळखणं अवघड नाही. एसी सुरू केल्यावर थोड्याच वेळात एकसारखं ठिबकायला लागलं, तर ड्रेन तुंबलेला. आतल्या कॉइलखाली पन्हळीसारखा ट्रे असतो. त्यात धूळ आणि ओल मिळून बुळबुळीत थर तयार होतो आणि तो पाइपच्या तोंडाशी बसतो. कधी पाइपच्या बाहेरच्या टोकाला कुंभारीण माशी मातीचं घरटं करून ठेवते. आमच्या भागात हे इतकं होतं, की मी आधी बाहेरचं टोकच बघतो. एमसीबी बंद करून, फिल्टर काढून, ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते बाहेर धारेने पडायला हवं. नुसतं ठिबकलं तर पाइप साफ करून घ्या आणि टोकाला जाळीचा तुकडा बांधा. पाइपला उतार हवा, मध्ये कुठे झोळ नको, आणि टोक साचलेल्या पाण्यात बुडालेलं नको.

दुसरं कारण बर्फ. आधी वारा मंदावतो, मग रात्री उशिरा किंवा एसी बंद केल्यावर भसकन पाणी येतं. गॅस कमी झाला की आतल्या कॉइलचं तापमान शून्याखाली जातं, तिच्यावर जमलेलं पाणी गोठतं, आणि नंतर सगळा बर्फ एकदम वितळून ट्रेबाहेर सांडतो. घाणेरड्या फिल्टरमुळेही हेच होतं. तुमच्याकडे गॅसची गळती आहेच, तेव्हा चवथीची बालदी बर्फाची असण्याची शक्यता जास्त. म्हणजे एप्रिलचं दुखणं आणि चवथीचं दुखणं एकच. पुढच्या वेळी वारा मंदावला की टॉर्च घेऊन फिल्टरमागे बघा. पांढरं दिसलं तर एसी बंद करून नुसता फॅन लावा, आणि काही टोकदार घेऊन बर्फ खरवडायला जाऊ नका.

मग खोली गार असून दमट का? जुलैत आपल्याकडे बाहेर पारा २५ ते २९ च्या मधे असतो आणि आर्द्रता नव्वदीला टेकलेली. समजा, तुम्ही एसी २४ वर लावता. दीड टनाच्या साध्या एसीला एवढ्याशा खोलीचे दोन-तीन अंश कमी करायला काही मिनिटं पुरतात. तेवढं झालं की कॉम्प्रेसर बंद. पण हवेतली वाफ कॉइलवर जमून, तिचे थेंब होऊन, ट्रेमधून बाहेर जायला वेळ लागतो, आणि तो वेळच मिळत नाही. वर आतला पंखा चालूच राहतो, म्हणजे कॉइलवर जमलेली ओल तो पुन्हा खोलीत फेकतो. म्हणून अंगाला गार लागतं आणि चादर ओली लागते. तुमचे दुकानदार दोन टन सांगतात ना, त्याने हे आणखी बिघडेल. जितका मोठा एसी तितका तो लवकर थांबणार.

तूर्त, म्हणजे नवा येईपर्यंत, पावसाळी दिवसांत रिमोटवर ड्राय मोड लावा. नसेल तर एसीचा फॅन ‘लो’वर ठेवा आणि छताचा पंखा मंद सोडा. बाहेरच्या ड्रेनखाली रात्री बालदी ठेवून बघा. पावसाळ्यातली रात्र, चालू एसी, आणि बालदीच्या बुडाशी तांब्याभर पाणी, असं असेल तर ओल निघतच नाहीये. शे-दोनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं डिजिटल घड्याळ मिळतं, ते सासूबाईंच्या खोलीत टांगा. आकडा ५० ते ६० मध्ये राहिला पाहिजे. त्याच्या वर गेला की बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात, आणि दम्याला दोन्ही वाईट.

कौलारू खोलीचा आणखी एक त्रास असतो: हवा कुठून कुठून आत येते ते कळत नाही. पीव्हीसीच्या छताच्या कडा, वाशांजवळच्या फटी, दाराखालची जागा. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या दिसायला सुंदर, पण एसीच्या दृष्टीने त्या अर्ध्या उघड्याच. तुम्ही आतली हवा सुकवता आणि फटीतून मांद्र्याचा पाऊस वाफ होऊन आत येतो. उदबत्ती पेटवून कडेकडेने फिरवा, धूर जिथे हलेल तिथे फोम पट्टी किंवा सिलिकॉन. हे शंभर-दोनशे रुपयांचं काम कोणी करत नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

वासाबद्दल: फिल्टर धुतल्याने तो जाणार नाही. आतल्या युनिटात फिल्टरच्या खाली एक लांब दंडगोल पंखा असतो, त्याला ब्लोअर म्हणतात. एमसीबी बंद करून वारा येतो त्या झडपेतून टॉर्च मारा. पात्यांवर काळे ठिपके किंवा काळी साय दिसेल. ती बुरशी, आणि एसी लावला की ती सरळ सासूबाईंच्या पलंगावर येते. ब्लोअर बाहेर काढून धुवायला लावा. आतल्या आत पाण्याचा फवारा मारून निम्मी घाण तिथेच राहते. ते काम चालू असताना सासूबाई दुसऱ्या खोलीत हव्यात. आणि धाप वाढली असेल तर एसीवाल्याच्या आधी डॉक्टरांना फोन करा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: हा एसी दुरुस्त करू नका.

मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही. एसी चार वर्षांचा असता आणि फक्त आतली कॉइल गळत असती तर मीही तेच सांगितलं असतं. पण इथे बाहेरची कॉइल संपलेली आहे, कॉम्प्रेसर तीन उन्हाळे अपुऱ्या गॅसवर राबलेला आहे, आणि पाटीच्या फोटोत गॅस आहे आर-२२. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर तो बंद होत आला आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून त्याची नवी यंत्रं बनवता येत नाहीत. जुन्या यंत्रांसाठी गॅस अजून मिळतो, पण कॉइल आणि सुटे भाग शोधत फिरावं लागेल, आणि मिळाले तरी त्याच गंजक्या पेटीत बसवणार. कोणी ‘आर-२२ नाही, दुसरा भरतो, चालतो’ म्हणाला तर भरू देऊ नका. दाब वेगळे, तेल वेगळं, आणि पर्याय म्हणून खपवले जाणारे काही गॅस चक्क पेट घेतात.

नवा घेताना मुलाचं अर्धं ऐका. इन्व्हर्टर घ्याच, कारण तो थांबण्याऐवजी हळू चालतो आणि छोट्या खोलीत, पावसाळ्यात, तेच हवं असतं. फक्त हळू चालताना काही मॉडेलांची कॉइल पुरेशी थंड होत नाही आणि ओल कमी निघते, म्हणून ड्राय मोड असलेलाच घ्या आणि तो वापरा. टनाचं म्हणाल तर १२० चौरस फुटांना एक टन पुरतो. अडचण आहे ती मे महिन्यातल्या दुपारी तापणाऱ्या कौलांची. पीव्हीसीच्या छतावर थर्मोकोल किंवा ग्लासवूलचा थर टाकून घेतलात तर एक टन बिनधास्त घ्या. ते जमणार नसेल तर दीड टन इन्व्हर्टर. दोन टन कुठल्याही हिशोबात बसत नाही.

तारे किती, हे खोली कोण वापरतं त्यावर ठरवा. बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या) लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं आणि तो आकडा १६०० तासांचा असतो, म्हणजे रोज आठ तास धरले तर २०० रात्री. सासूबाईंच्या खोलीत एसी जवळजवळ वर्षभर चालतो, तिथे पाच तारे वसूल होतील. पाहुण्यांच्या खोलीत एप्रिल-मे आणि चवथ एवढाच वापर असेल तर तीन तारे पुष्कळ झाले. दोन मॉडेलांच्या युनिटांतला फरक तुमच्या बिलातल्या दराने गुणा, दुकानातच उत्तर मिळेल. लेबल कोणत्या वर्षांचं आहे तेही बघा. १ जानेवारी २०२६ पासून निकष कडक झालेत, त्यामुळे जुन्या साठ्यातले पाच तारे आणि नवे पाच तारे एक नव्हेत. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा ‘टॅक्स खूप आहे हो’ हे कारण ऐकून घेऊ नका.

दुकानात ‘५२ अंशातही गार करतो’ असं सांगतील. ते राजस्थानात कामाचं. आपल्याकडे भर मे महिन्यात पारा पस्तिशीच्या आसपास असतो. तुम्ही विचारायचं ते कॉइलबद्दल: आतली-बाहेरची दोन्ही तांब्याची आहे का, फिनवर गंजरोधक लेप आहे का, आणि मुख्य म्हणजे वॉरंटीच्या कागदात समुद्राजवळच्या गंजाचा अपवाद लिहिलाय का. ‘दहा वर्षं वॉरंटी’ ही बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. कॉइल, गॅस, मजुरी यांचे आकडे खाली बारीक अक्षरात असतात. चष्मा घेऊन जा.

इन्व्हर्टरचा एक दोषही सांगून ठेवतो. त्याच्या बाहेरच्या युनिटात पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी, असते आणि ती महाग असते. खारी हवा, मुंग्या आणि पाली यांना ती फार आवडते. पीसीबीला संरक्षक लेप आहे का आणि तिची वॉरंटी किती, हे विचारा. ‘स्टॅबिलायझर लागत नाही’ हे खरं, पण पेटीवर छापलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेत. इलेक्ट्रिशियनला संध्याकाळी साडेसात-आठला बोलवा, दुपारी नको, आणि एसीच्या सॉकेटवर मीटर लावायला सांगा. आकडा त्या मर्यादेखाली जात असेल तर स्टॅबिलायझर घ्या. त्याच फेरीत अर्थिंग तपासून ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. दमट भिंत आणि गंजलेली लोखंडी पेटी असलेल्या घरात याला पर्याय नाही. मृगाच्या आधीच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा सुरू झाल्या की एमसीबी खाली.

सगळ्यात महत्त्वाचं, नवं युनिट जुन्या जागी लावू देऊ नका. बसवायला येणारे जुनी भोकं तयार आहेत म्हणून तिथेच लावू पाहतील. पूर्वेच्या बाजूला, घराच्या आडोशाला न्या. तांब्याची नळी काही मीटर जास्त लागेल, तिचे पैसे वेगळे घेतील, द्या. चिऱ्याच्या भिंतीत नुसत्या फास्टनरवर विश्वास ठेवू नका. चिरा मऊ, वर्षभर कॉम्प्रेसर थरथरला की बोल्ट सैल होतो. तुमच्या फोटोतला ब्रॅकेट तर गंजून पोखरला आहे, त्याच्या खालून मुलांना जाऊ देऊ नका. तळमजलाच आहे, तर फूटभर उंच काँक्रीटचा ओटा करून युनिट जमिनीवर ठेवा. धुवायलाही सोपं पडेल.

आणि धुवायचं ते असं. ऑक्टोबर ते मे, महिन्यातून एकदा, एमसीबी बंद करून, बागेच्या पाइपने साधी धार मागच्या जाळीवर वरून खाली सोडायची. कार धुण्याचा प्रेशर पंप नको, फिन वाकतात. समुद्राकाठच्या काही विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. तुमच्या विहिरीचं होत असेल तर त्या दिवसांत नळाचं पाणी वापरा, नाहीतर मीठ धुवायला मीठच. ॲसिडवाला ‘केमिकल वॉश’ फिनवर मारू देऊ नका. आतले फिल्टर पंधरा दिवसांनी धुऊन सावलीत वाळवा. एसी बंद करण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं नुसता फॅन चालू ठेवा म्हणजे कॉइल सुकते. ऑटो क्लीन असेल तर ते आपोआप होतं. मेकॅनिकला एप्रिलात बोलावू नका. मार्चच्या सुरुवातीला बोलावलंत तर तो नायट्रोजन लावून रात्रभर वाट बघायलाही तयार होईल.

राहता राहिला भंगारवाला. त्याला थेट देऊ नका. तो पक्कडीने नळी कापतो आणि उरलेला आर-२२ हवेत जातो; तांबं काढून बाकीचं कुठेतरी टाकून देतो. नवा एसी घेताना एक्सचेंजमध्ये द्या, किंवा कंपनीकडे ई-कचरा म्हणून परत घेण्याची सोय विचारा. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत ही जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्यापेक्षा पाचशे-हजार कमी मिळाले तरी चालतील. काढताना मेकॅनिकला आधी ‘पंप डाउन’ करायला सांगा, म्हणजे असेल तेवढा गॅस बाहेरच्या युनिटात ओढून व्हॉल्व्ह बंद करायचे. तुमच्या गळक्या कॉइलमध्ये तो फार काळ टिकणार नाही, म्हणून हे काम एसी उचलून न्यायच्या दिवशीच करून घ्या आणि तो गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्याकडेच यंत्र सोपवा. आतलं युनिट काढल्यावर भिंतीतलं जुनं भोक सिमेंटने बुजवून घ्यायला विसरू नका. पश्चिमेची भिंत आहे, पुढच्या जूनमध्ये पाऊस तिथूनच आत येईल.